मारुतीच्या बोळातली लॉरी

अख्ख्या धारूरात मोहनरावांना एकट्यालाच येणारी एक कला होती आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. मोहनरावांना उलटं चालता येत असे.

हे उलटं चालणं पोरखेळातलं नव्हे. हैदराबादेकडे एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, त्यांनी बावीस वर्षं पेशकारी, म्हणजे दरबारी लिखापढी, केली होती, आणि तिथला रिवाज असा की सरकारांसमोरून निघताना पाठ दाखवायची नाही. वाकून सलाम करायचा, नजर सरकारांच्या जोड्यांवर ठेवायची आणि तसंच मागे सरकत दालन ओलांडायचं. वाटेत गालिचाची दुमडलेली कड, खांब, हुक्क्याची नळी आणि सरकारांचं एक म्हातारं मांजर असा सगळा संसार पसरलेला असे. बावीस वर्षांत मोहनरावांचा पाय त्या मांजराच्या शेपटीलाही लागला नाही. त्यांच्याबरोबरचे खजांची मात्र दोनदा हुक्क्यावर बसले आणि शेवटी प्रकृतीचं कारण सांगून लवकर घरी गेले.

वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन मोहनराव धारूरला, म्हणजे बायकोच्या माहेरगावी येऊन राहिले. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. न्हाव्याकडून निघाले तरी उलटे, टपालवाल्यापुढून निघाले तरी उलटे. पारावरची मंडळी त्यांना रामराम घालून मुद्दाम उभी राहत आणि ते मागे मागे जाऊ लागले की हसत. मोहनरावांना ते हसू कळत असे आणि लागतही असे. पण चेहऱ्यावर दाखवतील तर ते पेशकार कसले!

त्यांचे मेहुणे बबनराव यांचं बोळाच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दाजी रिकामे बसलेत हे त्यांना बघवेना. दुकानात येऊन गादीवर बसा, गिऱ्हाईकाला पुड्या बांधून द्या, असा त्यांचा प्रेमाचा आग्रह होता. ज्या हातांनी फर्मानं लिहिली त्या हातांनी हिंगाच्या पुड्या बांधायच्या, या कल्पनेनंच मोहनरावांना घाम फुटे. यातून सुटायला काहीतरी उद्योग हवा होता, आणि म्हणून निजामी फसली सन तेराशे एक्केचाळीसच्या आजूर महिन्यात, म्हणजे एकोणीसशे एकतीसच्या ऑक्टोबरात, कापूस नुकता फुटायला लागला असताना, त्यांनी सोलापूरकडच्या एका व्यापाऱ्याची उतरलेली मालमोटार विकत आणली.

लॉरी दिसायला चांगली होती, म्हणजे लांबून. कापूस परळीच्या जिनात पोचवायचा, हा धंदा. चालवायला धुळाजी मिळाला. धुळाजीनं तीस वर्षं बैलगाडी हाकली होती आणि सहा महिने बीडला मोटार शिकून आला होता. त्यामुळे मोटार थांबवायची झाली की तो आधी जीभ टाळूला लावून बैलांना थोपवायचा आवाज काढी आणि मग ब्रेक दाबी. गावातले सगळ्यात मोठे आडते राधाकिशनशेठ यांनी आपला सगळा कापूस द्यायचं कबूल केलं. सगळं जमलं होतं. फक्त शेठजींची वखार मारुतीच्या बोळात होती.

हा बोळ पुढे बंद होतो. शेवटाला मारुतीचं देऊळ, त्याला लागून वखार. रुंदी अशी की लॉरी आत शिरली की दोन्ही अंगांना हातभर जागा उरावी, आणि मधे तुळजाबाईंच्या ओट्यापाशी तर चार बोटंच. बैलगाड्या आत जात, बैल सोडत, आणि सहा माणसं रिकामी गाडी उचलून तिचं तोंड फिरवत. लॉरी उचलता येत नव्हती. मोहनरावांनी एकदा सहा माणसं लावून पाहिली. त्यांतल्या दोघांची कंबर धरली.

मग गाडी उलटीच आत न्यावी आणि भरल्यावर सरळ बाहेर काढावी, हे कुणाच्याही डोक्यात येईल. मोहनरावांच्याही आलं. पण पारावरच्या वडीलधाऱ्यांनी ते ऐकताच कानांवर हात ठेवले. गाडी उलटी आत नेली म्हणजे तिची पाठ मारुतीकडे येणार, आणि वर धुराची नळी थेट देवाच्या तोंडासमोर. देवाला कोणी पाठ दाखवतं का, असं त्यांनी विचारलं, आणि तेही कोणाला, तर मोहनरावांना. या एका बाबतीत ते संपूर्ण गावाच्या बाजूचे होते.

म्हणजे ठरलं असं, की लॉरीनं देवाच्या सामोरं आत जायचं आणि देवाकडे तोंड ठेवूनच मागे मागे बाहेर यायचं. कापूस भरला की मागचं काही दिसत नाही, ही बारीक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही.

पहिल्या दिवशी लॉरी झोकात आत गेली. नारळ फुटला, हार पडला, कापसाचे बोरे छपराच्या वर दोन हात रचले गेले. मग धुळाजीनं मागचा गिअर टाकला आणि बोळातलं प्रत्येक घर मदतीला धावलं. ओट्यावरचे म्हणाले उजवीकडं, समोरच्या ओट्यावरचे म्हणाले डावीकडं, आणि दोघंही एकाच दिशेला हात दाखवत होते. माडीवरून कोणी येऊ द्या म्हणे, खालून कोणी थांबा म्हणे. राधाकिशनशेठ स्वतः लॉरीच्या मागे उभे राहून दोन्ही हात हलवत होते, आणि ते या म्हणताहेत की जा म्हणताहेत हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नाही. धुळाजी मोठा भिडस्त माणूस. त्यानं सगळ्यांचं ऐकलं. पहिल्यांदा तुळजाबाईंचा पाण्याचा रांजण गेला, मग त्यांच्या ओट्याचा कोपरा, आणि शेवटी बबनरावांच्या दुकानाची पाटी लॉरीच्या मागे अडकून परळीपर्यंत जाऊन आली.

तुळजाबाई म्हणजे बोळाची निम्मी सत्ता. नवरा वारल्यावर एकटीनं वीस वर्षं घर आणि शेत सांभाळलेली बाई. त्यांच्या आवाजाला घाबरून कुत्रीसुद्धा बोळात न भुंकता जात. त्यांनी तिथल्या तिथे मोहनरावांना काही सांगितलं नाही. त्यांनी सरळ अमीनसाहेबांकडे, म्हणजे पोलिसांच्या ठाणेदाराकडे अर्ज दिला.

त्यानंतर अर्ज-दरख्वास्तींचा खेळ सुरू झाला. गावात लॉरी चालवायला परवाना लागतो, असं ठाण्यानं कळवलं. परवान्याचा कागद कचेरीत मिळतो. कचेरीत मोटारीचा कागद नव्हता. ओझं वाहणाऱ्या जनावराचा होता. कारकून म्हणाला, ओझंच वाहतं ना, मग भरा. मोहनराव हाडाचे पेशकार. कोरा रकाना सोडणं त्यांना पाप वाटे. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं. रंग: करडा. दात: नाहीत. शिंग: एक, वाजतं. आणि शेवटचा रकाना होता खोडीचा. बराच वेळ विचार करून त्यांनी खरं तेच लिहिलं: मागे सरत नाही.

अमीनसाहेबांनी कागद वाचला आणि हुकूम दिला. पुढच्या जुम्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, ते जातीनं मुआयना, म्हणजे पाहणी, करतील. लॉरी बोळात जाऊन, भरून, कुठंही न लागता बाहेर आली तर परवाना. एका जरी भिंतीचा पोपडा उडाला तरी लॉरी वेशीबाहेर. राधाकिशनशेठनी हळहळून सांगितलं की मग मला आपल्या बैलगाड्याच बऱ्या. बबनरावांनी गादीला नवा अभ्रा घातला आणि दाजींसाठी पुड्यांच्या कागदांचा गठ्ठा कापून ठेवला.

हातात आठ दिवस होते आणि सल्ले साठ आले. भिंतींना तेल चोपडा, म्हणजे लॉरी घसरून निघेल. चाकांतली हवा काढा, म्हणजे ती बारीक होईल. त्यातला त्यात शहाणपणाचा वाटला तो धुळाजीचा: त्याचे स्वतःचे दोन बैल लॉरीच्या मागे जुंपायचे आणि तिला ओढून काढायची. बैलांची नावं पवळ्या आणि चांद्या. दोघंही गुणी. त्यांनी अर्धा बोळ लॉरी अशी अलगद काढली की बघणाऱ्यांच्या तोंडून वाहवा निघाली. ती वाहवा ऐकून धुळाजीला भरून आलं आणि त्यानं आनंदानं भोंगा वाजवला. बैल उधळले, दोर तुटला, आणि लॉरी बोळात तिरपी होऊन दोन भिंतींमध्ये पाचर मारल्यासारखी बसली.

ती सकाळपासून दिवस कलेपर्यंत तशीच बसून राहिली. त्यात नेमके त्या दिवशी तुळजाबाईंचे व्याही जेवायला यायचे होते. ते आले, आणि आत जायला वाट नाही. शेवटी धुळाजीनं लॉरीचं एक दार उघडलं, व्याह्यांना बसण्याच्या जागेवरून सरकत सरकत दुसऱ्या दारानं पलीकडे उतरवलं. जाताना पानसुपारी दिली आणि विहीणबाईंचं पाऊल ब्रेकवर पडलं तेव्हा अदबीनं बाजूलाही केलं. व्याही खूश होऊन गेले. त्यांना वाटलं धारूरात पाहुण्यांचं असंच स्वागत करतात. तुळजाबाई मात्र मोहनरावांकडे बघत राहिल्या, आणि ते बघणं अर्जापेक्षा वाईट होतं.

वीस माणसांनी रेटून लॉरी मोकळी केली तेव्हा भिंतींचे चार ठिकाणचे पोपडे निघालेले होते. मोहनराव हात-पाय धुऊन मारुतीपुढे जाऊन उभे राहिले. मागायला काही सुचेना. पुड्या नकोत, एवढंच ते म्हणाले. मग हात जोडून, मान लववून, सवयीप्रमाणे उलटे निघाले. मन हिंगात आणि जिऱ्यात अडकलेलं. पाय आपले चालत होते. तुळजाबाईंचा फुटका ओटा गेला, लिंबाचं वर आलेलं मूळ गेलं, बबनरावांच्या दुकानाची पायरी गेली, आणि ते बोळाबाहेर रस्त्यावर आले. तिथे रुक्मिणीबाई भाजी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला असं निघताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"कुटंच लागला न्हाईत तुमी," त्या म्हणाल्या. "कावून?"

"मोजलेलं असतंय," मोहनराव उदासपणे म्हणाले. "आत जातानाच पावलं मोजायची. कितव्या पावलाला काय हाय ते ध्यानात ठेवायचं. मग मागं बघावं लागत न्हाई."

"मग ते तुमच्या मोटारीला कावून शिकवत न्हाई?" असं म्हणून रुक्मिणीबाई घराकडे चालू लागल्या, कारण भाजी चिरायची होती.

मोहनराव तिथेच उभे राहिले. बावीस वर्षांची अख्खी देवडी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. जाण्याआधी वाट मोजायची. वाटेतलं सामान आधीच बाजूला करायचं. आणि दालनात सगळे गप्प. बोलणारा एकच, चोबदार. तो दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं. हे सगळं त्यांना येत होतं. लॉरीला येत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. वखारीपाशी उभ्या केलेल्या लॉरीच्या शेपटापासून रस्त्यापर्यंत मोहनरावांची बहात्तर पावलं भरली. एकोणिसाव्याला ओटा, एक्केचाळिसाव्याला लिंबाचं मूळ, साठाव्याला मेहुण्यांची पायरी. मोहनराव लॉरीच्या मागे, धुळाजीच्या अंगाला, भिंतीला लागून उलटे चालणार. धुळाजी मान बाहेर काढून फक्त त्यांच्याकडे बघणार. ते दिसले नाहीत की ब्रेक. सगळं ठीक होतं, पण मोहनराव उजवीकडे म्हणाले की लॉरी डावीकडे यायची. दोघांची तोंडं एकमेकांकडे. एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. दोन दिवस याच्यावरून डोकी फिरली. तिसऱ्या दिवशी धुळाजीनं गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"मालक, मला डावंउजवं कळतंय," तो म्हणाला. "पर तुमचं का माजं, ते कळत न्हाई. तुमी पवळ्या म्हणा, न्हाईतर चांद्या म्हणा. पवळ्या डाव्या जुवाचा, चांद्या उजव्या, माज्या अंगाचा. कुटंबी तोंड करा, त्ये बैल आपली जागा सोडत न्हाईत."

मोहनरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ते फक्त सरकारांकडे पाहत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लॉरी तीनदा आत-बाहेर झाली.

राहिला प्रश्न बोळाच्या तोंडाचा, म्हणजे सगळ्यांच्याच तोंडांचा. मुआयन्याला अख्खं गाव लोटणार आणि प्रत्येक जण मदत करणार, हे उघड होतं. मोहनरावांनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि सरळ तुळजाबाईंच्या ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. नवा रांजण ते आधीच पाठवून चुकले होते. त्यांनी विनंती केली की बाई, त्या दिवशी बोळात मी सोडून कोणी शब्द काढता कामा नये, आणि हे काम निजामाच्या फौजेलाही जमायचं नाही, तुम्हालाच जमेल. तुळजाबाईंनी रांजणाकडे पाहिलं, ओट्याच्या फुटक्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"माज्या ओट्याला लागली तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी बबनरावांच्या गादीवर बसीन."

एवढी मोठी शिक्षा तुळजाबाईंनाही सुचली नसती. त्या कबूल झाल्या.

मुआयन्याच्या सकाळी घरांच्या धाब्यांवर, माड्यांवर, लिंबाच्या झाडावर माणसंच माणसं होती. अमीनसाहेब घोड्यावरून आले, उतरले, मिशीला हात लावून बोळ पाहून घेतला. लॉरी आत गेली. मारुतीसमोर उभी राहिली. बोरे चढले. मोहनरावांनी शेरवानीची बटणं लावली, लॉरीच्या शेपटाशी जाऊन उभे राहिले, आणि लॉरीपलीकडे दिसणाऱ्या देवळाच्या कळसाला मनातल्या मनात सलाम केला. तुळजाबाई आपल्या ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एकाच्या तोंडून हलकासा खोकला निघाला. तुळजाबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्यानं उरलेला खोकला गिळला.

"येऊ दे," मोहनराव म्हणाले.

लॉरी हलली. मोहनराव तिच्याकडे तोंड करून उलटे चालू लागले. दहा. पंधरा. "पवळ्या जरासा." शेपूट जरासं सरकलं. एकोणीस. तुळजाबाईंचा ओटा चार बोटांवरून गेला, आणि बाईंनी पदर आवरून घेतला तेवढंच. "चांद्या. बस्स. सरळ." एक्केचाळीस. लिंबाच्या मुळावरून चाक चढून उतरलं, वरचे बोरे डुलले, पण राहिले. पन्नास. साठाव्या पावलाला मेहुण्यांची पायरी आली. बबनराव दुकानात तोंडावर हात दाबून उभे होते. आतले शब्द बाहेर यायला धडपडत होते हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

बासष्टाव्या पावलाला मोहनरावांना हिना अत्तराचा वास आला. मग मागे, अगदी जवळ, बुटांचा करकर आवाज. धारूरात अत्तर लावून बूट घालणारा माणूस एकच होता. तमाशा जवळून पाहावा म्हणून अमीनसाहेब बोळाच्या तोंडात येऊन, बरोबर लॉरीच्या वाटेत उभे राहिले होते.

"आने दो, आने दो," अमीनसाहेब रंगात येऊन ओरडले. "इधर लेव, दाएँ लेव."

धुळाजीचा जीव हुकमानं गोंधळला, पण दुसऱ्याच कुणाचा आवाज आला म्हणून त्यानं ब्रेक दाबला. लॉरी थांबली. तुळजाबाईंचं तोंड उघडलं, पण एवढ्या मोठ्या हाकिमाला गप्प कसं करावं हे त्यांनाही सुचेना.

मोहनरावांच्या मागे हाकीम उभा, आणि आपली पाठ त्याच्याकडे. बावीस वर्षांच्या अंगवळणानं त्यांचे खांदे वळायलाच लागले होते. वळून, वाकून, सलाम करून माफी मागायची. दुसरं त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. पण वळले की नजर लॉरीवरून जाणार, आणि धुळाजीला ते दिसणार पाठमोरे. भरलेली लॉरी, उताराचा रस्ता, आणि साठ नंबरची पायरी तिच्या चाकाला बोटभर. मोहनरावांनी खांदे पुन्हा सरळ केले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका हाकिमाला पाठ दाखवली आणि तशीच ठेवली.

"हुजूर," ते मागे न बघता म्हणाले, "दालनात बोलणारा एकच असतोय, आणि आज तो मी हाय. आपण दहा पावलं मागं सरावं. तोंड गाडीकडंच असू द्या."

मग बूट करकरले. अमीनसाहेब मागे सरले. एक पाऊल, दोन पावलं, लॉरीकडे तोंड ठेवून, हात चाचपत. आजवर ज्यांच्यासमोरून अख्खं धारूर बाजूला सरत होतं ते अमीनसाहेब मोहनरावांसमोरून मागे मागे गेले, आणि हे धाब्यांवरच्या, माड्यांवरच्या आणि लिंबावरच्या सगळ्यांनी पाहिलं. सवय नसल्यामुळे नवव्या पावलाला ते बबनरावांच्या शेंगदाण्याच्या पोत्यावर बसले. पण बसले ते सुरक्षित, वाटेच्या बाहेर.

"येऊ दे," मोहनराव म्हणाले. "चांद्या. चांद्या. सरळ."

बहात्तर. लॉरी रस्त्यावर उभी होती. धुळाजीनं जिभेनं बैलांना थोपवायचा आवाज काढला आणि मग ब्रेक दाबला. अमीनसाहेबांच्या शिपायानं बोळातून दोनदा फिरून भिंती तपासल्या. नवा एकही पोपडा उडालेला नव्हता. तेव्हा तुळजाबाईंनी ओट्यावरून हात वर करून सांगितलं की आता बोला, आणि धारूरात असा गलका झाला की वखारीवरची सगळी पारवं उडून किल्ल्याकडे गेली. राधाकिशनशेठनी धुळाजीला मिठी मारली. धुळाजी मिठी सोडवून आपल्या गोठ्याकडे गेला, कारण पवळ्या-चांद्याला गूळ द्यायचा होता.

अमीनसाहेबांनी अंगरख्याला चिकटलेली टरफलं झटकली. ते रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी मोहनरावांकडे पाहिलं आणि विचारलं, "कौनसी देवडी में थे मियाँ?" मोहनरावांनी सांगितलं. "हाँ," अमीनसाहेब म्हणाले, "दिखता है." आणि तिथेच, बबनरावांच्या गादीवर बसून, नव्या अभ्र्यावर शाईचे दोन डाग पाडत, त्यांनी परवान्यावर सही केली. लिहायला खाली काहीतरी हवं म्हणून बबनरावांनी पुड्यांच्या कागदांचा तो गठ्ठा पुढे केला.

घरी आल्यावर मोहनरावांनी परवाना रुक्मिणीबाईंना वाचून दाखवला. रंग करडा, दात नाहीत, शिंग एक, हे सगळं तसंच होतं. फक्त खोडीचा रकाना अमीनसाहेबांनी खोडून आपल्या हातानं नवा लिहिला होता. खोड: नाही. मागे सरतं. फक्त एकाचंच ऐकतं.

"हे मोटारीचं लिवलंय का तुमचं?" रुक्मिणीबाईंनी चुलीपुढून विचारलं.

मोहनरावांनी परवान्याची घडी घातली, ती शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवली, बायकोला मोठ्या अदबीनं सलाम केला आणि उंबऱ्याला पाय न लावता उलटे माजघराबाहेर पडले.